गुरुजींची गाडी आणि दोनशे मिली ऑईल

पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातले हे वाचक २७ वर्षांचे आहेत, जिनिंगमध्ये कामाला आहेत. दिवाळीच्या आधी त्यांनी शाळेतल्या आपल्या निवृत्त गुरुजींकडून १९९५ सालची यामाहा आरएक्स १०० घेतली, ७० हजारांना. लहानपणापासून डोळ्यांत भरलेली गाडी. व्यवहाराच्या वेळी गुरुजी म्हणाले होते, "ऑईल कधी कमी पडू दिलं नाही." दोन महिन्यांत गाडी पंधराशे किलोमीटर फिरली आणि गिअर जड पडायला लागले, न्यूट्रल सापडेना. मेकॅनिकनं खालचा बोल्ट काढला तर गिअर ऑईल जेमतेम २०० मिली निघालं, तेही काळंकुट्ट. तो म्हणाला, "गुरुजींनी गंडवलं तुला. गिअरबॉक्स गेला समज. जाड ऑईल भरून देतो, आवाज दबतो, गिऱ्हाईक बघून काढून टाक." मोठा भाऊ म्हणतो, पैसे परत माग. आई म्हणते, ज्यांनी फी भरून तुला दहावीला बसवलं त्यांच्या दारात पैशासाठी जाऊ नको. गाडीची कागदं अजून गुरुजींच्याच नावावर आहेत. वाचक विचारतात, गुरुजींनी मला फसवलं का? आणि आता मी काय करू?

भाऊ, आधी एक विचारते. ते निघालेलं दोनशे मिली ऑईल कुठं आहे?

मेकॅनिकनं ते वेगळ्या डब्यात ठेवलं असेल तर आजच जाऊन मागून आणा. आपल्याकडं काळं ऑईल वाया जात नाही, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून कुणीतरी घेऊन जातंच, तेव्हा उशीर नको. तुमच्या पत्रात गुरुजींचे उपकार आहेत, भावाचा राग आहे, आईचा शब्द आहे, पण त्या ऑईलकडं कुणी नीट बघितल्याचं दिसत नाही. काळं होतं, एवढंच तुम्ही लिहिलंय. गिअरबॉक्स गेला की राहिला, याचा पहिला पुरावा त्या डब्यात आहे.

माझ्या वडिलांचं जालन्याला छोटं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथंच असायचे, बॅटरी धरायला. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांनी जपून ठेवलं होतं. काढलेलं ऑईल पसरट ताटलीत ओतायचे, चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायचे आणि ताटलीत सावकाश फिरवायचे. मग पिशवी उलटी करून चुंबकाला काय चिकटलंय ते उन्हात बघायचे. बोटाला लागणारी राखाडी, मऊ पेस्ट निघाली तर म्हणायचे, "ही झीज आहे, वयाची." कण टोचले, चमकले, किंवा दाताचा तुकडाच निघाला तर लगेच काही बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवायचे, चहा सांगायचे, मग सांगायचे. तुम्ही हेच करून बघा. चुंबक नसेल तर अंगठा आणि तर्जनीत थोडं ऑईल घेऊन चोळा. गुळगुळीत लागलं तर जीव भांड्यात पडू द्या. वाळूसारखं कचकचलं तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवा. पितळी चमक दिसली तर तीही सांगायची गोष्ट आहे, कारण चुंबकाला पितळ किंवा ॲल्युमिनियम चिकटत नाही.

आणि रंग. काळं ऑईल म्हणजे बहुतेक नुसतं जुनं ऑईल, निव्वळ काळ्या रंगावरून गिअरबॉक्स गेला असं ठरत नाही. भीती बाळगायची ती दुधाळ, चहासारख्या रंगाची. तो रंग आला म्हणजे आत पाणी गेलंय. हे मी मुद्दाम सगळ्यांसाठी लिहितेय. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेडकडं जो पाऊस झाला, त्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊनपुसून त्यातल्या काही विक्रीला आल्या असणारच. जुनी गाडी बघायला गेलात तर सीटखाली, हेडलाइटच्या आत चिखलाची रेघ आहे का बघा आणि ऑईलचं झाकण उघडून रंग बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

आता तुम्ही जे गृहीत धरलंय त्याकडं येते. तुमचं गणित असं दिसतं: ऑईल कमी निघालं, म्हणजे कमी असतानाच गाडी विकली, म्हणजे गुरुजींना माहीत होतं, म्हणजे फसवलं. यातली पहिली पायरी तेवढी डोळ्यांनी बघितलेली आहे. बाकीच्या तीन अंदाजाच्या.

गाडी तुमच्याकडं येऊन दोन महिने झाले. पंधराशे किलोमीटर तुम्ही चालवली. घेतली त्या दिवशी गिअर ऑईल किती होतं हे तुम्ही बघितलं नाही, गुरुजींनी दाखवलं नाही, मेकॅनिकही सोबत नव्हता. मग ऑईल कुणाकडं असताना कमी झालं, हे आज कोण सांगणार? मी तुम्हाला दोष देत नाहीये. सत्तर हजार जमवून आवडती गाडी घेताना माणूस आधी टाकीवरून हात फिरवतो, बोल्ट काढून बघत नाही. पण हिशेब मांडायचा तर हे दोन महिनेही त्यात धरा.

दुसरं, गुरुजींचं वाक्य. "ऑईल कधी कमी पडू दिलं नाही." कोणतं ऑईल? आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत दोन ऑईल असतात. एक टू-टी, बाजूच्या वेगळ्या टाकीतलं. ते पंपानं इंजिनात जातं आणि पेट्रोलसोबत जळून संपतं, म्हणून पेट्रोलसारखं सारखं भरावं लागतं. दुसरं गिअर ऑईल, खाली क्लच आणि गिअरबॉक्समध्ये बसलेलं. ते जळायला नसतंच, म्हणून रोज त्याची आठवणही होत नाही. टू-टी संपलं की इंजिन जाम होतं हे आरएक्सवाल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि त्या धास्तीनं टू-टीची टाकी सगळेच भरलेली ठेवतात. तीस वर्षं गाडी सांभाळलेला माणूस "ऑईल कमी पडू दिलं नाही" म्हणतो तेव्हा बहुतेक याच टाकीबद्दल बोलत असतो, आणि खरंच बोलत असतो. तुम्ही त्याचा अर्थ गिअर ऑईल असा घेतला. शब्द एकच होता, ऑईल दोन.

तिसरी गोष्ट मेकॅनिकनं तुम्हाला सांगायला हवी होती. या इंजिनात गिअर ऑईल जमिनीवर एक थेंबही न सांडता नाहीसं होऊ शकतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, क्लचकडच्या बाजूला एक रबरी ऑईल सील असतं. एका बाजूला गिअर ऑईल, दुसऱ्या बाजूला क्रँककेस (क्रँक फिरतो ती पोकळी), मध्ये हे सील. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, त्या ओढीनंच पेट्रोल-हवा आत येते. वयानं सीलचं रबर कडक झालं, ओठ झिजला, की ती ओढ गिअर ऑईलही थोडंथोडं आत घेते आणि ते जळून सायलेन्सरमधून निघून जातं. फोर-स्ट्रोक गाडी असती तर धूर बघून कुणीतरी टोकलं असतं. आरएक्स मात्र धूर काढतच असते, त्यामुळे थोडा जास्त निघाला तरी कुणाचं लक्ष जात नाही. आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्स १००सुद्धा आता तिशीच्या घरात आहे. इतक्या वर्षांत रबर कडक होणं हा ना गाडीचा दोष, ना गुरुजींचा.

म्हणून ऑईल कुठं गेलं हे आधी शोधा, आणि त्यासाठी मोजा. लेकराची दुधाची जुनी बाटली घ्या, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात (नंतर ती घरात परत आणू नका). मॅन्युअलमध्ये दिलेलं गिअर ऑईलचं प्रमाण बघा. या गाडीत ते अर्ध्या ते पाऊण लिटरच्या मध्ये कुठंतरी असतं, पण अंदाजानं ओतू नका, लिहिलंय तेवढंच मोजून भरा. जास्त भरलं तर सीलवर ताण येतो आणि तुमचा हिशेबही बिघडतो. बोल्टखालचं वॉशर नवं टाका, वीस रुपयांच्या आत येतं. वहीत तारीख, किलोमीटर आणि मिली लिहा.

भरण्याआधी इंजिनचा खालचा भाग डिझेलनं घासून स्वच्छ धुवा. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि चेनचं वंगण मिळून असा थर बसतो की गळती असली तरी दिसत नाही. पुढच्या चेन स्प्रॉकेटवरचं कव्हर काढून त्याच्या मागंही धुवा, तिथल्या सीलची गळती याच थराखाली लपते. कोरडं झालं की गिअर शाफ्ट, किक शाफ्ट, स्प्रॉकेटमागची जागा आणि खालचा बोल्ट या ठिकाणी अंगाला लावायची पावडर भुरभुरा. दहा-बारा किलोमीटर फिरून या. पावडर जिथं ओली झाली तिथून गळतंय. एवढ्यावर सापडलं तर नशीब, बाहेरचं सील बदलणं किरकोळ काम आहे.

पावडर कोरडीच राहिली तर तीनशे किलोमीटर चालवा आणि ऑईल काढून परत मोजा. भांड्यांना आणि आतल्या भिंतींना थोडं चिकटून राहतंच, तीसेक मिली कमी निघालं तर मनावर घेऊ नका. पण शंभर-दीडशे मिली कमी निघालं, गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसला आणि प्लग सारखा तेलकट निघत असला, तर क्लचकडचं क्रँक सील गेलंय असं धरा. काही इंजिनांत ते क्लच काढून बदलता येतं, काहींत इंजिन खोलून दोन भाग करावे लागतात. तुमच्या गाडीला काय लागेल हे आरएक्सवर हात बसलेल्या माणसाला विचारा, आणि मजुरी-सामानाचा आकडा कागदावर घ्या.

तीनशे किलोमीटरनंतरही ऑईल भरलं होतं तेवढंच निघालं तर? मग गळतीही नाही आणि ओढही नाही, कुणीतरी कधीतरी कमी भरलं होतं, एवढंच. योग्य ऑईल पडल्यावर गिअर परत हलके झाले असतील तर गिअरबॉक्स जिवंत आहे. ऑईल कमी असलं की क्लच नीट सुटत नाही, म्हणून न्यूट्रल सापडत नाही. या लक्षणावरून आणि नुसत्या बोल्टाच्या भोकातून बघून "गिअरबॉक्स गेला" म्हणणं घाईचं आहे. तुमचा मेकॅनिक वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, दिवसाला वीस गाड्या बघणाऱ्याला मोजमापाला वेळ नसतो. निकाल मात्र मोजल्यानंतर द्यायचा असतो.

त्याचा दुसरा सल्ला मात्र ऐकू नका. जाड ऑईलनं आवाज दबतो हे खरं आहे. दात तुटायला आला असेल तर तो तुटतोच, फक्त आवाज न करता. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं तर क्लच दाबून निदान चाक मोकळं करता येतं. गिअरबॉक्स आतून अडकला तर क्लच दाबून काही होत नाही, मागचं चाक जागेवर थांबतं. जिंतूर रोडवर मागं बायको आणि टाकीवर लेकरू बसवून कुणीतरी चाललेलं असेल, तेव्हा हे व्हायला नको. त्या माणसाला तुम्ही ओळखत नसाल, पण गाडी त्याला तुम्हीच दिलेली असेल. विकायचीच झाली तर वही दाखवून, दुरुस्तीचा आकडा सांगून, तेवढी किंमत कमी करून विका. आरएक्सला गिऱ्हाईक मिळतं, दोष सांगूनसुद्धा मिळतं.

ऑईलच्या निवडीबद्दलही सांगते, कारण "भारीतलं" म्हणून लोक कारचं ऑईल भरतात. मोटरसायकलचा क्लच त्या ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण बघून घ्या, आणि जाडी मॅन्युअलमध्ये असेल तीच. चारशेच्या आसपास लिटर मिळतं.

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत 'ट्रान्समिशन फ्लुइड' वेगळं भरताना बघितलं आणि अजूनच घाबरलात. तो मोठ्या हार्ले-डेव्हिडसनचा असणार. तिथं इंजिनचं वेगळं, प्रायमरीचं (इंजिनकडून क्लचकडं जोर नेणाऱ्या भागाचं) वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, अशी तीन ठिकाणी ऑईल असतात. आपल्या रस्त्यावरच्या स्प्लेंडर, शाईन, पल्सर या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर तिघांचं मिळून एकच ऑईल असतं. त्यामुळे अशा गाडीच्या बिलात कुणी 'गिअर ऑईल' वेगळं लावलं तर शांतपणे विचारा, ते कुठं भरलं. गिअर नसलेल्या स्कूटरला मात्र मागच्या चाकाजवळ थोडंसं वेगळं गिअर ऑईल असतं आणि वर्षानुवर्षं ते कुणी बघत नाही. फोर-स्ट्रोक गाडीचं ऑईल बघायचं तर मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून, बंद करून दोन-तीन मिनिटांनी बघा. पट्टी पुसून परत घालताना बऱ्याच गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, नाहीतर पातळी चुकीची दिसते.

आता गुरुजी. आई आणि भाऊ दोघंही एकच धरून चाललेत, की गुरुजींच्या दारात जाणं म्हणजे भांडणाला जाणं. भावाला ते हवंय, आईला नकोय. मला वाटतं तुम्ही जावं, आणि विचारायला जावं. ज्यांनी तुमची फी भरली त्यांच्याबद्दल "त्यांनी मला गंडवलं असेल का" ही शंका मनात घेऊन गावात वावरणं, हा त्या उपकाराचा जास्त मोठा अपमान आहे. आईला हे असंच सांगा, त्यांना पटेल. फोनवर बोलू नका. भावाला नेऊ नका. हॉटेलात, पारावर हा विषय काढू नका, मेकॅनिकचं वाक्य तर मुळीच सांगू नका. घरी जा आणि सरळ विचारा, "गुरुजी, गाडीचं गिअर ऑईल कमी निघालं. तुमच्याकडं असताना हे कोण बघायचं? शेवटचं कधी बदललं होतं?" बहुतेक ते तुम्हाला एका जुन्या मेकॅनिकचं नाव सांगतील, आणि त्या माणसाकडून या गाडीची अर्धी कुंडली मिळेल.

समजा ते म्हणाले, "हो रे, ऑईल थोडं ओढायची, सांगायचं राहिलं." तरी सत्तर हजार परत मागणं मला बरोबर वाटत नाही. गाडी तुम्ही दोन महिने वापरलीय आणि अशी गाडी दोष असूनही मोलाची आहे. दुरुस्तीचा कागद दाखवा आणि म्हणा, "यातलं निम्मं तुम्ही बघाल का?" हे मागणं रास्त आहे, आणि रास्त मागणं मागायला उपकार आडवे येत नाहीत. नाही म्हणाले तर खर्च तुमचा. दोन माणसांतल्या अशा खासगी व्यवहारात ग्राहक आयोग येत नाही. हीच गाडी तुम्ही जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. मग पावती आणि मोजमापाची वही घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती, जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता आलं असतं. व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांनी म्हणूनच पावतीवर "इंजिन-गिअर तपासून दिलं" हे लिहून घ्यावं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलीय. मला ती ऑईलपेक्षा मोठी वाटते. कागदं अजून गुरुजींच्या नावावर आहेत. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दोन्ही मुदती उलटल्यात. उद्या तुमच्या हातून अपघात झाला तर भरपाईसाठी आधी नोंदणीवरचा मालक धरला जातो, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे या दोन महिन्यांत तुम्ही गाडी काढलीत तितक्या वेळा गुरुजींच्या पेन्शनवर जोखीम होती, आणि त्यांना कदाचित याची कल्पनाही नाही. त्यांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नसेल, तर तुम्हीही त्यांची एक गोष्ट लांबणीवर टाकलीय. हे मनात असलं की त्यांच्यासमोर बसताना आवाज आपोआप खाली येईल.

तेव्हा जाताना गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सोबत न्या, त्यांच्या सह्या घ्या. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज व्यवहारापासून १४ दिवसांत द्यायचा असतो, तोही राहिला असेल तर लगेच द्या. एवढ्या जुन्या गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आरसीवरची तारीख उलटलीय का बघा. उलटली असेल तर गुरुजींसोबत एक चक्कर परभणीच्या आरटीओत मारावी लागेल, दंड काय असेल तो तुम्ही भरा.

ऑईल मोजून भरलं असेल तर गाडी घेऊनच जा. ऑईल न भरता चालवत नेऊ नका, वाटेत दात गेला तर हे सगळं बोलणं वाया जाईल. गुरुजी बाहेर येऊन एकदा किक मारतील, आवाज ऐकतील. तीस वर्षं ऐकलेला आवाज बदललाय की नाही, हे गावातल्या कुठल्याही मेकॅनिकच्या आधी त्यांना कळेल. ते काय म्हणतात ते वहीत लिहा, आणि तीनशे किलोमीटरनंतर किती मिली निघालं ते मला कळवा.